सावली गंगेच्या ओघाकडे

दामोदरपंत आंबर्डेकर, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी ओळख समोरासमोर झाली नाही. ती माझ्या पाठीकडून झाली.

मी नुकताच काशीत आलो होतो. खरं तर निघालो होतो गयेला, पण मुगलसरायला गाडी बदलताना एक तंबोरे दुरुस्त करणारा भेटला आणि त्याच्या गप्पांच्या नादात मी त्याच्याच गाडीत चढलो. त्या तंबोरेवाल्याबद्दल खूप सांगण्यासारखं आहे, पण ते असो. सकाळी बालाजी घाटावर अंघोळ केली आणि एका भिंतीला टेकून ऊन खात बसलो. भिंत ओलसर लागली, पण मला वाटलं काशीतल्या भिंती अशाच असतील. मग उठलो आणि घाटाघाटानं रमतगमत निघालो. मणिकर्णिका मागे पडली, दशाश्वमेध मागे पडला. लोक माझ्याकडे बघून हसत होते. म्हटलं, काय प्रेमळ गाव आहे! अहिल्याबाई घाटाशी पोचलो तेव्हा मागून धापा टाकत आवाज आला, आणि तो चक्क मराठीत, "अहो! हलू नका! आहात तसे उभे राहा!"

परमुलखात अवचित मराठी कानावर पडली की माणूस थांबतोच. मीही थांबलो. धोतर वर खोचलेले, कानावर पेन्सिल अडकवलेले एक गृहस्थ माझ्या पाठीशी आले आणि नखांनी हलक्या हातानं काहीतरी सोलू लागले. कुस्त्यांच्या फडाची, इकडे ज्याला दंगल म्हणतात त्याची, एक भलीमोठी जाहिरात मी बालाजी घाटापासून अंगरख्यावर वाहून आणली होती. खळ ओली असताना टेकलो होतो ना! कागद अखंड निघाला तसा त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सपाट आहे. भिंत म्हणून उत्तम आहात. जेवलात का?"

घरी नेलं तेव्हा मंगला गौरीच्या गल्लीत दारातच त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, उभ्या होत्या. "हे कोणाला घेऊन आलात?"

"भिंत आहे. चालती आहे. वाढा हिला."

तेव्हापासून मी त्या घरात 'भिंत' आहे. माझं खरं नाव गोविंद. काकू रागावल्या की तेवढ्यापुरतं ते वापरतात.

अण्णांच्या साठीच्या या गौरवग्रंथात विद्वानांनी त्यांच्यावर लिहिलं आहे. मी शाळेत फार टिकलो नाही, त्यामुळे त्यांच्या पंगतीला बसताना पाय पोटाशी घ्यावे लागतात. पण संपादक मंडळी म्हणाली की, अण्णांची अक्षरं भिंतीभिंतीवर नेऊन चिकटवली ती तू, तेव्हा तुलाही लिहिलं पाहिजे. म्हणून हे धाडस.

पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला जो मराठी छापखाना आहे, त्याच्या मागच्या पडवीत बसून अण्णांनी उभा जन्म लाकडात अक्षरं कोरली. बारीक मजकुराची शिशाची अक्षरं बाहेरून विकत येतात. पण जाहिरातीच्या माथ्यावरची वीतभर उंचीची अक्षरं अण्णांची. ज्यांनी ती पाहिली नाहीत असा काशीत कोणी नसेल, तरी दूरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षर जाड, पैलवानासारखं, पाय रोवून उभं. त्याच्या उजव्या अंगाला आणि तळाला केसभर पांढरी रेघ सोडलेली, आणि त्या रेघेपलीकडे काळीभोर सावली. कागदावर छापलेलं अक्षर भिंतीतून पुढं निघून आल्यासारखं दिसतं. आम्ही त्याला छायेचं अक्षर म्हणतो. घाटावरचे नावाडी, मल्लाह, म्हणतात 'परछाईंवाला अच्छर'. अक्षरओळख नसलेली माणसंसुद्धा ते लांबून ओळखतात.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "सावली नेहमी उजवीकडेच का?"

अण्णांनी मला हाताला धरून घाटावर नेलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "ही भिंत उगवतीला तोंड करून आहे. दिवस वर आला की ऊन कुठून येतं?"

"डावीकडून. दक्षिणेकडून."

"मग सावली?"

"उजवीकडे."

"आणि तुमच्या पाठीमागे गंगा कुठल्या दिशेला वाहतेय?"

मी वळून पाहिलं. काशीत गंगा उत्तरेला वाहते. भिंतीकडे तोंड केलं की ती डावीकडून उजवीकडे जाते. अण्णा म्हणाले, "गंगेच्या ओघाकडे सावली पडते. मी काही ठरवलेलं नाही. मी फक्त ऐकतो." लाकडात अक्षर उलटं कोरावं लागतं, म्हणून सावलीही डावीकडे कोरावी लागते. नवशिक्याचा हात तिथं हमखास चुकतो. अण्णांचा कधी चुकला असं कोणाला आठवत नाही.

आता त्यांचा एक नेम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. देवाच्या नावाला अण्णा सावली देत नाहीत. देवाला छाया नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गेलेल्या माणसालाही देत नाहीत, कारण त्याचीही आता पडत नाही. तेव्हा बालाजीच्या उत्सवाची जाहिरात असेल तर 'बालाजी' साध्या अक्षरात, आणि खाली गाणाऱ्याचं, कीर्तनकाराचं, पैलवानाचं नाव सावलीसकट. कोणाच्या तेराव्याची सूचना असेल तर नाव साधं. हा नेम कोणी कुठं लिहून ठेवलेला नाही, पण आपल्या वस्तीत तो इतका मुरला आहे की, लोक आधी सावली बघतात आणि मग नाव वाचतात.

सावलीची लांबी मात्र सगळ्यांना सारखी. एका रईसांच्या हवेलीत गाण्याची बैठक होती. त्यांचे मुनीम छापखान्यात येऊन म्हणाले, "बाबूसाहेबांच्या नावाची सावली गवयापेक्षा लांब असली पाहिजे." अण्णांनी पटाशी खाली ठेवली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "हुजूर, सूरज तो एक ही है. आपके लिए दूसरा कहाँ से लाऊँ?" मुनीम हसत परत गेले. सरकारी दवाखान्याची एक सूचना आली होती, त्यात साहेबाचं नाव होतं. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं भीत भीत विचारलं की, साहेबाला सावली द्यायची का? अण्णा म्हणाले, "दे, दे. तोही माणूसच आहे, त्याला कोणी सांगितलं नसेल इतकंच."

आता बुवांची गोष्ट.

ग्वाल्हेरीकडचे एक थोर कीर्तनकार बालाजीच्या उत्सवासाठी यायचे होते. अण्णा त्या वेळी भाचीच्या लग्नाला मिर्झापूरला गेले होते. उत्सवाचे चिटणीस छापखान्यात आले आणि त्यांच्या भक्तीला पूर आला. "बुवा म्हणजे देवमाणूस! त्यांना कसली सावली? साधं लावा नाव, देवासारखं." जुळाऱ्यानं लावलं. मी ते कागद राजघाटापासून अस्सीपर्यंत भिंतीभिंतीवर चिकटवले.

दुसऱ्या दिवशी बुवा एक्क्यातून उतरले, तो देवळाच्या ओवरीत बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. एक आजीबाई पुढं आल्या आणि बुवांचा चेहरा न्याहाळून म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ का हो? अगदी तोच चेहरा. काय झालं होतं त्यांना?"

बुवा म्हणाले, "अजून काही झालेलं नाही. पण इथं फार वेळ उभा राहिलो तर होईल."

बुवा संतापले होते. कीर्तन न करताच परत निघतो म्हणाले. चिटणीस दारामागे लपले. अण्णा त्याच दुपारी परतले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना सगळं कळलं. काजळी आणि डिंक खलून एक भांडं तयार केलं, कुंचला घेतला, भांडं माझ्या हाती दिलं, आणि आम्ही घाटाला लागलो. एकेका भिंतीशी थांबून बुवांच्या नावाला अण्णा हातानं सावली काढत गेले. लोक जमले. एका नावेतून एक मल्लाह ओरडला, "ल गुरु, जी गइलन बुवा!" म्हणजे घ्या, बुवा जिवंत झाले! घाटभर हशा पिकला. रागावलेले बुवाही मागोमाग आले होते. आपलं नाव हळूहळू भिंतीतून वर उठताना ते बघत राहिले, आणि त्या संध्याकाळी त्यांचं कीर्तन असं रंगलं की विचारू नका.

चिटणीस माफी मागायला आले तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "कोणाला देव करायची घाई करू नये. माणूस म्हणून बोलावलंय, माणूस म्हणून छापावं."

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगायला बसलो तर मी पुन्हा भलतीकडे जाईन. एकच सांगतो. मला एका गावात राहवत नाही. मध्येच उठून मी हरद्वारला जातो, अयोध्येला जातो, एकदा तर एका अस्वलवाल्याबरोबर तराईपर्यंत गेलो. ते अस्वल तंबाखू खायचं... पण ते असो. कितीही दिवसांनी परतलो तरी अण्णांनी "कुठं होतास?" असं कधी विचारलं नाही. आतल्या बाजूला हाक द्यायचे, "भिंत आली. एक ताट वाढा." लोक त्यांना म्हणायचे की, या पोराच्या पायाला भिंगरी आहे, याला कामाला काय लावता? अण्णा म्हणाले, "पायाला भिंगरी आहे ना, मग पायांनाच काम देऊ." आणि जाहिराती चिकटवत हिंडण्याचं काम त्यांनी मला दिलं. आजवर ज्या खोडीबद्दल मार खाल्ला, तिलाच त्यांनी हुद्दा दिला.

गेल्या हिवाळ्यात अण्णा आजारी पडले. ताप हटेना. वैद्यांनी आशा सोडल्यासारखी केली होती, पण ते त्यातून उठले. उठले म्हणजे अंथरुणातून उठले, एवढंच. पडवीत जाईनात, घाटावर उतरेनात. डाव्या डोळ्यावर पडदा येत होता. एक दिवस त्यांनी सगळ्या पटाश्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळल्या आणि काकूंना सांगितलं, "माळ्यावर ठेवा." काकूंनी त्या माळ्यावर ठेवल्या नाहीत. पिठाच्या डब्यामागे ठेवल्या.

अशात अण्णांची साठी आली. मंडळींनी सत्काराची सभा आणि हा ग्रंथ ठरवला. मुखपृष्ठासाठी नावाचा ठसा अण्णांखेरीज कोण कोरणार? मंडळी विचारायला गेली तेव्हा मी दाराशी होतो. अण्णा म्हणाले, "कोरणं आता आटोपलं. आणि नाव साधंच लावा."

"साधं? अहो अण्णा, साधं म्हणजे..."

"ठाऊक आहे साधं म्हणजे काय ते. जुळणी मोडू नका म्हणजे झालं. थोड्या दिवसांनी तीच कामाला येईल. एका जुळणीत दोन्ही कामं."

मंडळी हसली, कारण अण्णा हसले होते. काकू हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि बराच वेळ नुसतंच भांडं घासत राहिल्या. मी मागून गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोविंदा, ताप उतरला रे यांचा. पण यांना तो उतरल्याचं कोणी सांगितलेलं नाही. वैद्य म्हणतात तबियत ठीक आहे. मग हा माणूस उठत का नाही?"

उत्तर त्यांनीच काढून ठेवलं होतं.

"सभेचे कागद छापून झाले?"

"झाले. नाव साधंच आहे. मंडळींना हुकूम मोडवेना."

"लावू नकोस अजून. फक्त एक लाव, बालाजी घाटावर, जाण्यायेण्याच्या भिंतीवर. आणि त्यावर काजळीनं सावली काढ."

"काढतो की!"

"डावीकडे काढ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काकू, डावीकडे? ओघाच्या उलट?"

"मग काय सांगतेय? बहिरा आहेस का? सारी उमर या माणसाबरोबर काढली आहे. याला देवानं बोलावलं तर हा निमूट जाईल. पण उलटी सावली ठेवून जाणार नाही."

मी सांगितल्याप्रमाणे केलं. खरं सांगतो, देवळात चप्पल घालून गेल्यासारखं वाटत होतं. 'दामोदरपंत' या नावाला डाव्या अंगाला जाडजूड सावली काढली आणि गल्लीत परत आलो.

पुढं काय झालं त्याला काशीच जबाबदार. इथं भिंतीवर काही चुकलं तर ते घरी येऊन सांगायला माणसं उड्या मारत येतात. पहिला दूधवाला आला. दारातूनच म्हणाला, "अन्ना गुरु, तोहार परछाईं त उलटी ओर जात हौ!"

अण्णा खाटेवर पडून होते. "काय म्हणतोय हा?"

काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुमच्या भिंतीनं काहीतरी रंगवून ठेवलंय म्हणे घाटावर. राहू दे हो. तुम्हाला आता काय करायचंय? आटोपलंय ना तुमचं?"

मग देवळातले पुजारी येऊन गेले. मग शेजारच्या शास्त्रीबुवांचा नातू. ते गेल्यावर अण्णा उठून बसले.

"डावीकडे? माझ्या नावाला?"

"असेल. डावं-उजवं कोण बघतंय एवढं!"

अण्णांनी काठी मागितली. काकूंनी ती आधीच दारापाशी आणून ठेवली होती, ते मी पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही. एवढ्या दिवसांत ते प्रथमच उंबऱ्याबाहेर पडले. पायऱ्या उतरताना मी हात धरायला गेलो, तर हात झिडकारला. भिंतीशी पोचले. उजवा डोळा कागदाजवळ नेला. आणि मग बालाजी घाटानं अण्णांचा जो आवाज ऐकला, तो यापूर्वी कोणी ऐकला नव्हता.

"गाढवा! सूर्य काय आता उत्तरेला, पंचगंगेकडून येणार आहे का? गंगा हिमालयातून निघाली की समुद्रातून? एवढी वर्षं माझ्या हाताखाली राहून..." इथं त्यांना खोकला आला. खोकला थांबला आणि ते म्हणाले, "बघत काय उभा आहेस? खरवड ते. कुंचला आण. नको, कुंचल्यानं आता नाही भागायचं. पटाश्या कुठं आहेत?"

पटाश्या काकूंच्या हातात होत्या. काठीसारखंच त्यांनी तेही आधीच केलं होतं. त्या मागोमाग घाटावर आल्या होत्या आणि पदराआड त्या फडक्याची गुंडाळी धरून उभ्या होत्या. अण्णांनी ती घेतली, काकूंकडे बघितलं, आणि तिथंच फडकं सोडून धार तपासू लागले.

त्या दिवसापासून अण्णा पुन्हा पडवीत बसू लागले. शिसवीचा एक तुकडा निवडला. पूर्वी जे काम एका बैठकीत व्हायचं, त्याला आता कितीतरी बैठका लागल्या. मध्ये मध्ये थांबून डोळ्यावर ओलं फडकं ठेवायचे. मी सूचना केली की, शेवटचं अक्षर जुन्या ठशांतून घेऊ. म्हणाले, "भिंतींनी बोलू नये." मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव त्यांनी स्वतः कोरलं आहे, सावलीसकट, गंगेच्या ओघाकडे. शेवटच्या अक्षराची सावली किंचित थरथरली आहे. मंडळी म्हणाली, पुन्हा कोरू या. अण्णा म्हणाले, "असू द्या. पाण्यावर पडलेली सावली थोडी हलतेच."

एक गोष्ट राहिली. ती उलटी सावली माझ्या मूर्खपणामुळे पडली, असंच अण्णा आजवर मानतात. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की, याला डावं-उजवं कळत नाही. मी ऐकून घेतो. या ग्रंथाची मुद्रितं काकूंनी त्यांच्या हाती पडू दिलेली नाहीत. लेख लिहितो म्हटल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "काकू, खरं लिहू का?" म्हणाल्या, "लिही. आता उठलेत ते. पुन्हा झोपायची हिंमत नाही होणार." तेव्हा अण्णा, हे वाचत असाल तर समजून घ्यावं. त्या दिवशी घाटावर तुम्ही जे मला बोललात, ते अर्धं तरी स्वयंपाकघरात जायला हवं होतं.

वाचकहो, हा लेख संपवून ग्रंथ मिटाल तेव्हा मुखपृष्ठाकडे पुन्हा एकदा पाहा. जमलं तर घाटावरच्या उन्हात, भिंतीकडे तोंड करून, धरून पाहा. नावाची सावली आणि तुमची स्वतःची सावली एकाच बाजूला पडलेली दिसेल. आमची श्रीबालाजीच्या चरणी एवढीच प्रार्थना आहे की, अण्णांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, त्यांच्या उजव्या डोळ्याची ज्योत अशीच राहावी, काकूंचा धाक त्यांच्यावर अखंड राहावा, आणि त्यांचं नाव या काशीच्या भिंतींवर आमच्या नातवंडांनाही सावलीसकटच वाचायला मिळावं.

मी उद्या प्रयागला निघालो आहे. सत्काराच्या सभेपर्यंत परत येईन. नाही आलो, तर एक ताट झाकून ठेवावं.